उजव्या एलेरॉनचं वजन

हडपसरला सोलापूर रस्त्याच्या कडेला वडिलांची ट्रक-टेम्पो रंगवायची शेड होती. ग्लायडिंग सेंटर तिथून फार लांब नव्हतं. विंचने, म्हणजे दोर गुंडाळणाऱ्या यंत्राने, ओढलेलं ग्लायडर (बिनइंजिनाचं विमान) दोर सोडून मोकळं झालं की आम्ही पोरं हातातला पॉलिश पेपर तसाच धरून वर बघत राहायचो. लांबी, म्हणजे खड्डे भरायचा लेप, कशी भरायची, फळीने कसं घासायचं, कुठे थांबायचं हे मी त्या शेडमध्ये शिकलो. पुढे फायबरच्या कामात शिरलो, आणि आता नऊ वर्षं दक्षिण जर्मनीत, किर्शहाइम उंटर टेक गावाजवळच्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये जुनी ग्लायडर दुरुस्त करतो आणि रंगवतो.

हा भाग या कामाचं माहेरघरच आहे. फायबरग्लासचं जगातलं पहिलं ग्लायडर, फिनिक्स, स्टुटगार्टच्या विद्यार्थ्यांच्या विमान गटात जन्मलं आणि २७ नोव्हेंबर १९५७ रोजी उडालं. मी सांगतोय ते ग्लायडर होतं स्टँडर्ड सिरस. क्लाउस होलिगहाउस यांचं डिझाइन, १९६९ मध्ये पहिलं उड्डाण, एका माणसाचं आसन, १५ मीटर पंख. आठशेहून जास्त बनली, आणि त्यातली कितीतरी अजून उडतात. आमच्याकडे आलेलं सत्तरच्या दशकातलं होतं. मालक निवृत्त शिक्षक, वय पंच्याहत्तरच्या पुढे. त्यांना एप्रिलमध्ये हंगाम सुरू व्हायच्या आत ते हवं होतं.

दुरून ते पांढरंशुभ्र दिसत होतं. जवळ गेल्यावर पंखांच्या पृष्ठभागावर केसासारख्या बारीक भेगांचं जाळं. फायबर ग्लायडर साच्यात बनतं. साच्याला आधी जेलकोटचा थर मारतात, त्यावर काचेचं कापड आणि ते चिकटवून कडक करणारं इपॉक्सी नावाचं रेझिन. म्हणजे आपण ज्याला रंग समजतो तो जेलकोट वस्तूच्या जन्माआधीच लागलेला असतो. पण तो असतो पॉलिएस्टरचा. उन्हाने कडक होत जातो, उंचावरच्या थंडीत आकसतो आणि मग तडकतो. भेगेतून पाणी शिरतं आणि जेलकोट पापुद्र्यासारखा सुटायला लागतो. अशा भेगांवर नवा रंग मारला तर वर्ष-दोन वर्षांत त्या पुन्हा वर येतात. म्हणून जुना थर उतरवावाच लागतो, आणि तोही हाताने घासून. रंग काढायचं केमिकल फायबरवर चालत नाही, ते खालचं रेझिनही खातं.

डिसेंबरमध्ये काम सुरू केलं. आधी सगळे हलते भाग काढून वजनं केली. हा आमचा नियमच आहे. एलेरॉन म्हणजे पंखाच्या मागच्या कडेची, बिजागरीवर वर-खाली हलणारी पट्टी; तिने विमान डावी-उजवीकडे कलतं. दोन्ही एलेरॉन काट्यावर ठेवली. दोन्ही पुस्तकातल्या मर्यादेत होती, पण उजवं डाव्यापेक्षा ८५ ग्रॅमने जड आणि मर्यादेच्या अगदी काठावर. ते आकडे मी माझ्याच हाताने वहीत लिहिले आणि पुढच्या कामाला लागलो. पन्नास वर्षं जुनी वस्तू, थोडा फरक असायचाच, असं मनाशी म्हटलं.

मग घासणं. ८० नंबरच्या कागदाने जेलकोट उतरवायचा, पण खालचं काचेचं कापड दिसायला लागण्याआधी थांबायचं. ट्रकच्या पत्र्याला जास्त घासलं गेलं तर पत्रा तुमच्यासाठी थांबतो. इथे कापडाचा एक थर घासला तर पंखाची ताकद घासली. म्हणून शेवटचा भाग बोटांनी चाचपत, कडेने दिवा लावून करायचा. पंख ओळीत आणायला हाताएवढ्या लांब फळ्या, वर काळ्या पावडरीचा हलका फवारा. घासल्यावर जिथे काळं उरलं तिथे खळगा. हवा पंखाला चिकटून सरळ वाहावी म्हणून लाट मिलिमीटरच्या दहाव्या भागात ठेवायची धडपड असते. डोळ्याला ती दिसत नाही, डायल गेजला दिसते. माझ्या तळहाताला मात्र कळते, आणि याचा मला अभिमान आहे. दोन महिने यातच गेले. काचेची धूळ कितीही झाकून घेतलं तरी मनगटापाशी शिरते आणि रात्री खाज सुटते.

एलेरॉन पातळ असतात, म्हणून त्यांच्यावर मी जास्तच जपून हात चालवला. उजव्याच्या बाहेरच्या टोकाला, मागच्या धारेजवळ, वीसेक सेंटिमीटर पट्ट्यावर जेलकोट घट्ट वाटला. भेग नाही, सुटलेपण नाही. तिथे खालपर्यंत गेलो नाही.

फेब्रुवारीच्या शेवटी स्प्रे फिलर, पुन्हा घासणं, मग दोन भागांचा पॉलियुरेथेन. त्या रंगातलं आयसोसायनेट फुप्फुसाला घातक असतं, म्हणून नळीने बाहेरची हवा देणारा मास्क घालूनच मारायचा. रंग पांढराच. उन्हात तापून रेझिन मऊ पडू नये म्हणून. जुन्या ग्लायडरची ताकद ५४ अंश सेल्सिअसपर्यंत धरलेली असते, गडद रंग ऊन पिऊन त्याच्या सहज पुढे जातो. रंग सुकल्यावर १००० नंबरपासून पुढे पाण्याने घासून बफिंग. चकाकी अशी आली की माइस्टर, म्हणजे वर्कशॉपचे मुख्य कारागीर, दारात क्षणभर थांबून बघत राहिले. ते सहसा थांबत नाहीत.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात वजनाचा दिवस. मालकही आले होते, डबा घेऊन. घरचा सफरचंदाचा केक.

रंगाचं वजन हा इथे खरा हिशेब असतो. सिरसच्या पंखाचं क्षेत्रफळ दहा चौरस मीटर, वर-खाली मिळून वीस. अर्धा मिलिमीटर थर धरला तरी दहा लिटर झाले, म्हणजे बारा-तेरा किलो. रिकाम्या ग्लायडरचं वजन दोनशे किलोच्या थोडं पुढे, त्यात हे कमी नाही. तरी पंख आणि धड मर्यादेत आले. डावं एलेरॉन आलं. मग उजवं बिजागरीवर मोकळं लटकवलं, मागच्या धारेखाली काटा लावला. काट्यावरचा आकडा गुणिले बिजागरीपासूनचं अंतर, म्हणजे मोमेंट. मी दोनदा गुणाकार केला. मर्यादेच्या बाहेर.

ट्रकवाल्याच्या मुलाला हे शिकायला वेळ लागला होता, म्हणून सांगतो. वेगात असताना पंख धक्क्याने वर उचलला गेला की मागून जड असलेलं एलेरॉन मागे रेंगाळतं, म्हणजे खाली राहतं. खाली गेलेलं एलेरॉन पंखाला आणखी वर ढकलतं. पंख परत येताना तेच उलट्या दिशेने. प्रत्येक फेरीत झोका वाढतो. ही फडफड सुरू झाली तर काही सेकंदांत पंख तुटू शकतो, वैमानिकाला कळेपर्यंत उशीर झालेला असतो. म्हणून धारेजवळचा प्रत्येक ग्रॅम मोजायचा.

मालकांनी विचारलं, "पुढच्या बाजूला थोडं शिसं लावलं तर नाही का जमणार?"

प्रश्न चुकीचा नव्हता. मी हिशेब मांडून दाखवला. बिजागरीच्या मागे १२ सेंटिमीटरवर ४० ग्रॅम बसले असतील, तर ते तोलायला पुढे २ सेंटिमीटरवर २४० ग्रॅम लागतात. मोमेंट जमला तरी एकूण वजन मर्यादेबाहेर जाईल.

माइस्टर मात्र माझ्याकडे वळले. "वजन कुठून आलं ते आधी सांग. डाव्याला तूच रंग मारलास, त्याच बंदुकीने."

मी म्हटलं, "रंग दोन्हींना सारखाच बसलाय."

"मग?"

वही उघडली. डिसेंबरचं पान. ८५ ग्रॅम. पोटात खड्डा पडला. आता फरक ९० होता. म्हणजे रंगाने दोघांना सारखंच जड केलं होतं, आणि उजव्यात काहीतरी आधीपासूनच होतं. ते मी तीन महिन्यांपूर्वी लिहून ठेवलं होतं आणि विचारलं नव्हतं.

नाणं घेऊन एलेरॉनवर ठोकत गेलो. आतल्या बाजूला टणटण आवाज, बाहेरच्या टोकाला बद्द. तोच पट्टा, जो मला घट्ट वाटला होता. त्या आरशासारख्या रंगावर ८० नंबरचा कागद ठेवताना हात जड झाला हे खरं, पण ठेवला. रंग गेला, फिलर गेला, जेलकोट गेला आणि खालून गुलाबी लांबी निघाली. मोटारीच्या पत्र्यात भरतात तसली. वडिलांच्या शेडमध्ये डबेच्या डबे पाहिलेत मी, वासावरूनच ओळखली. काही ठिकाणी चार मिलिमीटर जाड. ती खरवडून काढल्यावर मागून दिवा धरला. धड फायबरमधून उजेड एकसारखा हिरवट येतो. इथे पांढरे डाग होते आणि मधोमध बोटभर लांब फाट. कधीतरी टोक कशावर तरी आपटलं होतं. कोणीतरी कापडाचा तुकडाही न लावता फाटीवर लांबी थापून, वर जेलकोट मारून, गुळगुळीत करून दिलं होतं. ग्लायडरच्या कागदपत्रांत त्याची एक ओळ नव्हती. मालकांनी ते घेतलं तेव्हाही ते तसंच होतं. ते या एलेरॉनवर बावीस वर्षं आल्प्सवरून उडत होते.

ते खुर्चीवर बसले. बराच वेळ त्या फाटीकडे बघत होते. मग एवढंच म्हणाले, "मी शिसं लावा म्हणत होतो."

ज्याने हे केलं त्याचा मला आजही राग येतो. त्याचं घासकाम उत्तम होतं. माझ्या तळहाताला फसवण्याइतकं उत्तम. एवढा हात ज्याच्याकडे आहे त्याला कापडाचे दोन तुकडे लावायला काय झालं होतं?

दुरुस्तीत विशेष काही नाही. खराब कापड कापलं, प्रत्येक थरामागे दोनेक सेंटिमीटर असा उतार घासला, मूळच्याच विणीचं आणि दिशेचं कापड इपॉक्सीत बसवलं. एक रात्र तसंच, मग पंधरा तास पन्नासेक अंशांच्या उबेत. डाव्यापेक्षा आता ते ६ ग्रॅमने जड भरलं. तपासनीसांनी स्वतः मोजून सही केली.

कागदपत्रांत नोंद मी लिहिली: जुनं, नोंद नसलेलं नुकसान, जागा, माप, दुरुस्ती, नवी वजनं. माइस्टरनी वाचून कागद परत माझ्यापुढे सरकवला. "डिसेंबरचे आकडेही लिही." लिहिले.

एप्रिलच्या तिसऱ्या शनिवारी ते विंचवर चढलं. सगळे त्या चकाकत्या पंखांकडे बघत होते. मी उजव्या टोकाकडे.