टिकलीखालचा बाण

आष्टीच्या मामांच्या बाराचाकीत चढलो आणि आधी मीटरकडे पाहिलं. गिअर बदलायचा बाण उमटतो, नेमकी त्या जागी काचेवर लाल टिकली.

"मामा, हे काय?"

"डोळ्यात खुपतंय ते. घरच्यांच्या पाकिटातली लावली."

मी पुण्यातल्या एका ट्रान्सपोर्टमध्ये ड्रायव्हरांना शिकवतो. मामांचं अ‍ॅव्हरेज 3.4, तशाच बाकी गाड्यांचं 3.9. मालक म्हणाले, बस जाऊन त्यांच्या शेजारी. चाकण ते सातारा आणि परत, दोन्हीकडून लोड.

टिकली नखाने काढली. आमच्या गाड्यांत इंजिनाचे फेरे आणि गाडीचा वेग यांच्या हिशेबावरून कुठला गिअर पडलाय ते कळतं, अ‍ॅक्सिलरेटर किती दाबलाय त्यावरून इंजिनावर ताण किती ते. मग बाण वर किंवा खाली.

शिरवळच्या सपाटीला मामा सातव्यात, फेऱ्यांचा काटा 1900 वर. बाण कधीचा वर.

"टाका की आठवा."

"आवाज कुठं भरलाय अजून?"

हेच दुखणं होतं. मामांचा कान जुन्या गाड्यांवर तयार झालेला. ती इंजिनं रडल्याशिवाय ओढायची नाहीत. बीएस-6 इंजिन 1200 लाही भरली गाडी ओढतं, हे त्या कानाला पटेना. शेवटी माझ्यावर उपकार केल्यासारखा आठवा टाकला. काटा 1400 वर, डिझेल वाचवणाऱ्या हिरव्या पट्ट्यात. मामांनी थोडा पाय दिला, वाट पाहिली.

"ओढतीय की!"

खंबाटकीच्या चढाला मात्र बाण खाली व्हायच्या आत मामांचा हात लिव्हरवर असायचा. तिथे शिकवण्यासारखं काही नव्हतं. मी डबा उघडला.

परतताना कात्रजचा नवा बोगदा ओलांडला आणि नवले पुलाकडचा उतार लागला. नोव्हेंबर 2022 मध्ये एका ट्रकने कितीतरी गाड्या ठोकल्या, तो हाच उतार. डिझेल वाचवायला इथे न्यूट्रल मारणारे अजूनही दिसतात. मामांनी गाडी आधीच सहाव्यात घेतली होती, एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनाचा धूर अडवून गाडी रोखणारा) चालू, पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून बाजूला. काटा 2000 च्या आसपास. आणि बाण? वर. फेरे जास्त, इंजिनावर ताण नाही, म्हणजे वरचा गिअर टाका, असा त्याचा हिशेब.

सवयीने माझ्या तोंडून निघालं, "मामा, बाण..."

"सर, त्याला पुढचा पूल दिसतोय का?"

मी गप्प. वरचा गिअर टाकला असता तर फेरे पडले असते, एक्झॉस्ट ब्रेकचा जोर गेला असता आणि सगळा भार चाकांच्या ब्रेकवर आला असता. वर्गात मी हेच फळ्यावर काढून दाखवतो! शेजारून एक टेम्पो मोकळा सुटल्यासारखा गेला. मामांनी मान हलवली फक्त.

चाकणला पोचल्यावर फॉर्म भरायला बसलो. त्यात एक रकाना आहे, 'बाणाचे पालन किती टक्के'. नवले उताराचे किलोमीटर वगळून भरला आणि खाली तसं लिहिलं. मालकांना ते आवडलं नाही. ऑफिसात अर्धा तास वाजलं आमचं.

आठवड्याने मामांची गाडी यार्डात उभी होती. डोकावलो. टिकली होती, पण बाणावर नाही. काट्याच्या काचेवर, 1600 च्या आकड्यापाशी.

"सपाटीला इथवरच जाऊ देतो आता," मामा म्हणाले.