परवानगीचे तेवीस दिवस आणि गांधीलमाश्यांचे पोळे

अर्जाच्या विषयाच्या ओळीत 'गांधीलमाशी' हा शब्द लिहू नये. कागदी गांधीलमाश्यांची, म्हणजे लाकडाच्या लगद्यापासून कागदासारखे पोळे बांधणाऱ्या माश्यांची, जवळून छायाचित्रे घेऊ इच्छिणाऱ्या प्रत्येकाला मी भिंग आणि फ्लॅश यांच्याआधी हेच सांगते, कारण त्या एका शब्दापायी माझे तेवीस दिवस गेले आणि ज्या पोळ्यासाठी मी परवानगी मागत होते, ते पोळेच नाहीसे होण्याची वेळ आली.

आमच्या शहरातील एका सार्वजनिक उद्यानात बंद पडलेले पंपघर आहे. त्याच्या खिडकीच्या लोखंडी जाळीआड, चौकटीच्या वरच्या कोपऱ्यात, तळहाताएवढे राखाडी पोळे लटकलेले मला जूनच्या सुरुवातीला दिसले. मंद तांबूस अंग आणि पोटावर एक पिवळा पट्टा यांवरून त्यावरची गांधीलमाशी रोपालिडिया मार्जिनाटा या जातीची असावी असे वाटले आणि पुढे जवळच्या छायाचित्रांवरून तशी खात्री झाली. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत राघवेंद्र गदगकर आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी अनेक दशके हिच्याच वसाहतींचा अभ्यास केला आहे. या जातीची राणी दिसायला कामकरी माद्यांसारखीच असते, शिवाय ती कोणावर धावून जात नाही, त्यामुळे पोळ्याकडे नुसते पाहून ती ओळखता येत नाही. अंडे घालताना दिसली तरच कळते. मला तो क्षण टिपायचा होता. दुसरी इच्छा अशी, की पाच खणांवर पांढरी रेशमी टोपणे बसलेली होती आणि त्यांतील एक तरी फुटून नवी गांधीलमाशी बाहेर येताना पाहायची होती. कोषात जाण्यापूर्वी अळी हे टोपण स्वतःच विणते. अंड्यापासून प्रौढ होईपर्यंत या जातीला सुमारे दोन महिने लागतात. म्हणजे या पाच खणांतला बहुतेक काळ सरलेला होता आणि एकेक दिवस मोलाचा होता.

तिपाई आणि फ्लॅश वापरायचा असेल तर कार्यालयाचे पत्र आणा, असे रखवालदाराने सांगितले. कार्यालयातील छापील अर्ज चित्रीकरणासाठी होता. त्यात कलाकारांची संख्या, वाहनांची संख्या आणि अनामत रक्कम असे रकाने होते. त्यांपैकी एकही मला लागू नव्हता, म्हणून मी साध्या कागदावर 'गांधीलमाश्यांच्या पोळ्याच्या छायाचित्रणास परवानगी मिळणेबाबत' असा विषय लिहून अर्ज दिला, आवक क्रमांक घेतला आणि आठ दिवस वाट पाहिली. नवव्या दिवशी तो अर्ज 'या टेबलावर नाही' असे समजले. अकराव्या दिवशीही तेच उत्तर मिळाले. चौदाव्या दिवशी एका लिपिक बाईंनी मनापासून शोध घेतला, तेव्हा माझ्या अर्जाची नोंद तक्रारींच्या वहीत सापडली. कोणीतरी विषयाच्या ओळीतील पहिले दोन शब्द वाचून तो कीटक नियंत्रणाकडे पाठवला होता आणि त्यावर 'तात्काळ कार्यवाही करावी' असा शेरा होता.

पंधराव्या दिवशी सकाळी मी उद्यानात पोहोचले, तेव्हा पाठीवर फवारणीचे पंप घेतलेले दोन कर्मचारी पंपघरापाशी उभे होते. तिथल्या माळीकाकांनी त्यांना थोपवून धरले होते. "ताई, हे म्हणतात तुम्हीच तक्रार केली," असे ते मला म्हणाले, तेव्हा संतापाने मला क्षणभर शब्दच सुचला नाही. मी अर्जाची प्रत दाखवली. ते दोघे समंजस होते. परंतु त्यांच्या हातातील कागदावर तक्रारदार म्हणून माझे नाव होते आणि तक्रार मागे घेतल्याचे लेखी मिळाल्याशिवाय त्यांना परत जाता येत नव्हते. न केलेली तक्रार मी तिथेच बाकावर बसून लेखी मागे घेतली. पोळे वाचले, म्हणून त्या दिवशी मला बरे वाटले. पण अर्जाला आणि त्या तक्रारीला आवक क्रमांक एकच होता, त्यामुळे 'अर्जदाराने अर्ज मागे घेतला' अशी नोंद होऊन माझी परवानगीची मागणीही निकाली निघाली, हे मला आणखी तीन दिवसांनी कळले.

त्यानंतर मी दुसरा अर्ज केला. विषय फक्त 'उद्यानातील निसर्ग छायाचित्रणास परवानगी मिळणेबाबत' एवढाच ठेवला, पोळ्याचा उल्लेख मजकुरात केला आणि अर्ज टपालाच्या टेबलावर न देता अधिकाऱ्यांच्या हाती दिला. तेविसाव्या दिवशी पत्र मिळाले, तर त्यात वेळ सकाळी अकरा ते सायंकाळी पाच अशी होती. बहुतेक माश्या पोळ्यावर असतात आणि सुस्त असतात ती वेळ पहाटेनंतरची. अकरा वाजता अर्ध्याअधिक माद्या शिकारीला आणि पाण्याला गेलेल्या असतात. मी तशीच मागे वळले, हे साहेबांना समजावून सांगितले आणि त्यांनी पेनाने 'सकाळी सहा ते नऊ' अशी दुरुस्ती करून खाली सही केली. याला एक मिनिट लागले. त्या एका मिनिटाचा विचार मनात आला की मला अजूनही राग येतो, कारण तोवर पाचांपैकी चार टोपणे फुटून गेली होती.

प्रत्यक्ष छायाचित्रणात त्या मानाने अडचण आली नाही. माझ्याकडे १०० मिमीचे मॅक्रो भिंग आहे. त्याने १:१ प्रमाणात, म्हणजे कॅमेऱ्याच्या संवेदकावर माशी प्रत्यक्षाएवढीच उमटेल असे, चित्र घ्यायचे तर भिंगाचे तोंड आणि पोळे यांत वीतभरही अंतर उरत नाही आणि भिंगाचे छिद्र एफ/११ इतके लहान ठेवूनही जेमतेम एक मिलिमीटर जाडीचाच भाग स्पष्ट येतो. म्हणून मी १:२ वर, म्हणजे निम्म्या आकारावर, समाधान मानले. अंतर वाढते, डोके आणि छाती दोन्ही स्पष्ट येतात आणि माश्याही शांत राहतात. फ्लॅशपुढे दुधी प्लॅस्टिकचा पडदा आवश्यक आहे, नाहीतर त्यांच्या तकतकीत अंगावर पांढरे डाग उमटतात. फ्लॅशच्या उजेडाला माझ्या पोळ्यावरील माश्यांनी एकदाही दाद दिली नाही, मात्र तिपाईचा पाय जाळीला हलकासा लागताच सगळ्याजणी एकदम माझ्याकडे तोंड करून, पंख उभारून उभ्या राहिल्या. पंख असे उभारले की हात आहे तिथेच थांबवावा आणि त्या पुन्हा पंख मिटेपर्यंत हलू नये. आपला श्वासही त्यांना चाळवतो. मी तोंडावर रुमाल बांधून, मान बाजूला वळवून श्वास सोडत असे. मधमाशीसारखी हिची नांगी कातडीत अडकून राहत नाही, ती पुन्हा पुन्हा दंश करू शकते, तेव्हा ज्यांना पूर्वी एखाद्या दंशाने अंगभर गांधी उठल्या असतील किंवा धाप लागली असेल त्यांनी हे काम करूच नये.

पोळे ज्या देठांवर लटकते त्यांचेही एक छायाचित्र अवश्य घ्यावे. अनेक कागदी गांधीलमाश्या पोटाच्या टोकाकडील ग्रंथींतून येणारा, मुंग्यांना दूर ठेवणारा स्राव अशा देठांना चोळतात. माझ्या चित्रात देठ पोळ्याच्या कागदापेक्षा काळा आणि चकाकणारा आला आहे.

राणी तिसऱ्या सकाळी सापडली. कडेच्या एका रिकाम्या खणात तिने आधी डोके घालून पाहिले, मग वळून पोट आत घातले आणि बराच वेळ ती तशीच स्थिर राहिली. शेजारून दोघीजणी तिला ओलांडून गेल्या. त्याआधीचे दोन दिवस मी दुसऱ्याच एका मादीला राणी समजत होते, कारण ती सर्वांना डिवचत फिरत असे. पाचवे टोपण पाचव्या सकाळी, सात वाजून वीस मिनिटांनी हलले. आतून जबड्यांनी कडा कुरतडली जात होती. आधी एक फट पडली, फटीतून एक स्पर्शिका बाहेर आली, मग टोपणाचा तुकडा दारासारखा उघडला आणि ओलसर दिसणारे डोके वर आले. एका मोठ्या मादीने तिच्या तोंडाला आपल्या स्पर्शिका लावल्या. त्या अकरा मिनिटांत मी एकेचाळीस छायाचित्रे घेतली. त्यांतील सहा पूर्ण स्पष्ट आहेत आणि ती माझ्या दहा वर्षांच्या कामातील सर्वांत चांगली आहेत, असे मी अभिमानाने म्हणते.

माळीकाकांना त्यांतील एक मोठे छापून दिले. एक गोष्ट सांगायची राहिली: अर्जाच्या दोन प्रती कराव्यात, दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून घ्यावा आणि ती प्रत कॅमेऱ्याच्या पिशवीतच ठेवावी. त्या पंधराव्या दिवशी ती माझ्याजवळ होती.