पाच नंबरचा बिल्ला

फेब्रुवारी म्हणजे द्राक्षाचा हंगाम, आणि या दिवसांत सकाळी सातला फोन वाजला की माझ्या पोटात गोळा येतो. नाशिकजवळच्या अंबडच्या एमआयडीसीत आमची आठ जणांची कंपनी. कोल्ड स्टोरेजमधलं तापमान नोंदवणारी यंत्रं आम्ही बनवतो. आत लिनक्सवर चालणारा छोटा संगणक-बोर्ड, आरएस-४८५ या सिरियल जोडणीच्या वायरवर सेन्सर आणि एसएमएससाठी मॉडेम.

फोन पिंपळगाव बसवंतच्या एका पॅकहाऊसमधून होता. "साहेब, माल भरायला पाऊण तास दार सताड उघडं आहे. तुमचं मशीन ०.८ वरून हलायला तयार नाही. बर्फ पडलाय का आत?"

द्वारका, आडगाव, ओझर करत पोचलो. सेन्सर मेला असणार, असं वाटेतच ठरवून टाकलं होतं, त्यामुळे पहिला दीड तास वायरी सोलण्यात गेला. सेन्सर ठणठणीत होता. मग नोंदींची फाईल उघडली. एक ओळ बरोबर: वेळ, ०.८. पुढची ओळ कचरा. पुन्हा वेळ, ०.८. पुन्हा तोच कचरा, पण दरवेळी नीट आपल्या स्वतंत्र ओळीवर!

फाईल हेक्समध्ये, म्हणजे सोळाच्या पायावरच्या आकड्यांत, पाहिली आणि हातातला चहा तसाच राहिला. तो कचरा म्हणजे आमचीच मॉडबसची, म्हणजे सेन्सरशी बोलायच्या ठरलेल्या भाषेतली, आज्ञा होती. एक नंबरच्या सेन्सरला "तापमान सांग" म्हणणारे आठ बाइट. त्यातला शेवटचा योगायोगाने हेक्समधला शून्य-ए, म्हणजे दहा, म्हणजेच नवी ओळ. म्हणून इतकी टापटीप. यंत्र रात्रभर सेन्सरऐवजी स्वतःच्या वहीला तापमान विचारत होतं.

लिनक्समध्ये फाईल असो, सिरियल पोर्ट असो की सॉकेट, उघडलं की कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, हातात एक आकडा ठेवतो: फाईल डिस्क्रिप्टर. देवळाबाहेरच्या चप्पल स्टँडचा बिल्लाच म्हणा. बिल्ला परत केला की तोच नंबर पुढच्याला मिळतो, कारण मोकळ्यांपैकी सगळ्यांत लहान आकडा द्यायचा हा नियमच आहे. आणि सी भाषेच्या लेखी हा बिल्ला म्हणजे नुसता इंट, साधा पूर्णांक. कॉपी करा, बेरीज करा, कुणालाही द्या, कोड तपासून यंत्राच्या भाषेत नेणारा कंपायलर हूं की चूं करत नाही.

कुठला बिल्ला कशाचा हे दाखवणारी, प्रॉकमधली आमच्या चालू प्रोग्रॅमची एफडी डिरेक्टरी पाहिली. पाच नंबर थेट नोंदींच्या फाईलकडे बोट दाखवत होता. सिरियल पोर्ट यादीतच नव्हता. प्रोग्रॅमने कर्नलला केलेले कॉल दाखवणारा एसट्रेस लावला तर प्रत्येक आज्ञेआधी पोर्ट साफ करायचा आमचा कॉल "इनअप्रोप्रिएट आयऑक्टल फॉर डिव्हाइस" म्हणत परत येत होता. कर्नल रात्रभर सांगत होता की हा पोर्ट नव्हे. आम्ही परतीचा आकडा बघतच नव्हतो.

घडलं ते असं. रात्री कॉम्प्रेसर सुरू होताना व्होल्टेज बसलं आणि यूएसबीवरचा मॉडेम आणि सेन्सरची वायर जोडणारा कन्व्हर्टर दोन्ही क्षणभर गळाले. मॉडेम सांभाळणाऱ्या थ्रेडने (एकाच प्रोग्रॅममध्ये समांतर चालणारं काम) चूक दिसताच आपला पाच नंबरचा बिल्ला बंद केला आणि दोन सेकंद झोप घेतली. तेवढ्यात सेन्सरच्या थ्रेडने आपला सहा बंद करून पोर्ट पुन्हा उघडला. त्याला मोकळा पाच मिळाला. मॉडेम जागा झाला आणि आवराआवर करणाऱ्या फंक्शनने पाच पुन्हा एकदा बंद केला. आता तो दुसऱ्याचा होता. मग नव्याने जोडणी झाली म्हणून नोंदींची नवी फाईल उघडली (हा नियमही आमचाच), तिला पाच मिळाला. सेन्सरचा थ्रेड बिचारा जुना बिल्ला धरून लिहीत राहिला.

फाईलच्या टोकाशी वाचलं की शून्य बाइट मिळतात. पोर्टवर उत्तर वेळेत आलं नाही तरी आमच्या सेटिंगमध्ये शून्यच मिळायचे, आणि "शून्य आले तर जुना आकडा दाखव" हे मी स्वतः लिहिलं होतं. कुणाच्या नावाने बोटं मोडणार?

दोनदा बंद करण्याची चूक तीन वर्षं कोडमध्ये होती. एरवी दुसऱ्या वेळी कर्नल "असा बिल्लाच नाही" म्हणून सोडून द्यायचा.

ऑफिसात परतल्यावर आमच्या ज्युनिअरने सुचवलं, "सर, पोर्टचा वेगळा टाइप, फाईलचा वेगळा टाइप करू या." कल्पना चांगली, पण या चुकीला ती पुरली नसती. मॉडेमच्या थ्रेडने पाच आपलाच समजून बंद केला होता, टाइप बरोबरच होता. खरा प्रश्न मालकीचा होता. म्हणून कोड सी प्लस प्लसमध्ये आणून डिस्क्रिप्टर एका क्लासमध्ये कोंडला: कॉपी बंद, फक्त हस्तांतर, आणि हस्तांतर झालं की जुन्याच्या हाती उणे एक, म्हणजे बिल्लाच नाही. बंद करणं फक्त डिस्ट्रक्टरकडे, म्हणजे वस्तू संपताना आपोआप चालणाऱ्या फंक्शनकडे. रस्ट या भाषेत हे आयतं मिळतं. ऑगस्ट २०२२ च्या १.६३ आवृत्तीपासून ओन्डएफडी म्हणजे मालकाचा आणि बॉरोडएफडी म्हणजे उसना, असे दोन टाइप स्टँडर्ड लायब्ररीतच आहेत. पण हंगामात अख्खं यंत्र नव्या भाषेत लिहायला वेळ कुणाकडे होता!

पहिल्याच कंपाइलला चार एरर. एक नेमकी त्या आवराआवरीच्या फंक्शनवर. दोन निरुपद्रवी. चौथी एसएमएसच्या रांगेतली, तशीच दुहेरी मालकी, जिची आम्हाला गंधवार्ताही नव्हती. वाचन चुकलं तर आता जुना आकडा न दाखवता पडद्यावर रेघा येतात, हेही त्याच बैठकीत केलं.

चौथ्या दिवशी नवी आवृत्ती टाकायला पिंपळगावला गेलो. पॅकहाऊसच्या भाऊंनी पडद्यासमोर खुर्ची टाकली आणि पोराला म्हणाले, "उघड रे दार." आकडा ०.९ झाला, मग १.१. "आता लाव," ते म्हणाले, "पटलं. आणि त्या रात्रीचा आकडा एक्स्पोर्टवाल्याला काय सांगू ते तुम्हीच लिहून द्या."

ते पत्र लिहायला मला कोडपेक्षा जास्त वेळ लागला.