पाठीवर वय लिहिलेली माणसं

स्वीडनमधल्या गॉथेनबर्गला पस्तिशीपुढच्यांच्या जागतिक ॲथलेटिक्स स्पर्धेला गेल्यावर पहिल्यांदा सवय लागली ती लोकांच्या पाठी वाचायची. स्पर्धकाच्या छातीवर त्याचा नंबर आणि पाठीवर त्याचा वयोगट. पुरुष असेल तर एम, बाई असेल तर डब्ल्यू, आणि पुढे ३५ पासून पाचापाचाच्या टप्प्याने चढत जाणारा आकडा. मैदानावरून परतणारी मंडळी तो कागद न काढताच ट्राममध्ये चढायची. समोर उभा असलेला सडपातळ गृहस्थ मी पन्नाशीतला धरून चालायचो आणि तो वळला की पाठीवर एम ७०. आपल्याकडे बायका तर सोडाच, पुरुषसुद्धा वय विचारलं की हसून विषय बदलतात. इथे पिना लावून मिरवत होते.

आमची ही डब्ल्यू ६५. गोळाफेक आणि थाळीफेक. साताऱ्यात शाळेत पीटीच्या बाई म्हणून निवृत्त झाली आणि घरी बसेल असं वाटत होतं तेवढ्यात शाहू क्रीडा संकुलात सकाळी जायला लागली. आधी जिल्हा, मग राज्य, मग राष्ट्रीय, आणि मग एके दिवशी जेवताना म्हणाली, "अहो, स्वीडनला जायचंय. तुम्हीही चला, सामान धरायला कुणीतरी लागेल." मी बँकेतून निवृत्त. सामान धरणे आणि कागदपत्रं नीट लावणे ही दोन्ही कामं मला जमतात.

ही स्पर्धा म्हणजे जागतिक मास्टर्स ॲथलेटिक्स अजिंक्यपद, १३ ते २५ ऑगस्ट २०२४. भरवणारी संस्था वर्ल्ड मास्टर्स ॲथलेटिक्स. नेहमीच्या ऑलिम्पिकवाल्या ॲथलेटिक्सची जी जागतिक संघटना आहे, तिच्या मान्यतेने ही संस्था ३५ च्या पुढच्या सगळ्यांचा कारभार बघते. आशिया, युरोप, आफ्रिका, ओशिनिया, दक्षिण अमेरिका आणि उत्तर व मध्य अमेरिका असे तिचे सहा विभाग. मुख्य मैदानी स्पर्धा दोन वर्षांनी एकदा. पूर्वी विषम साली व्हायची, ल्योंच्या २०१५ नंतर लगेच २०१६ ला पर्थ घेऊन गाडी सम सालांवर आणली. २०२० ची टोरोंटो कोविडने रद्द झाली, २०२२ ला फिनलंडमधलं ताम्पेरे झालं आणि मग गॉथेनबर्ग.

ताम्पेरे आठवत असेल. दिल्लीजवळच्या नजफगढच्या भगवानी देवी डागर, वय ९४, १०० मीटर २४.७४ सेकंदात पळून सुवर्ण, शिवाय गोळा आणि थाळीत कांस्य. तो व्हिडिओ मला निदान चार ग्रुपांवरून आला, आणि प्रत्येकाखाली हात जोडलेले आणि "या वयातसुद्धा!" हिला ते "या वयातसुद्धा" अजिबात आवडत नाही. "वेळ किती लागली ते कुणी विचारतंय का?" म्हणाली. तेव्हा मला तो आढ्यतेखोरपणा वाटला होता. गॉथेनबर्गला तिचं म्हणणं कळलं.

पात्रता गुण वगैरे काही नाही. आपल्या देशाच्या मान्यताप्राप्त संघटनेचं सदस्यत्व घ्यायचं, तिच्यामार्फत नाव नोंदवायचं, पैसे भरायचे. त्यामुळे एकाच धावपट्टीवर माजी ऑलिम्पिकपटू आणि निवृत्तीनंतर बूट घेतलेला मास्तर असे दोघं असतात. आठ हजारांच्या आसपास माणसं आली होती. पण एकदा आत शिरलात की कुणी लाड करत नाही. आदल्या दिवशी ठरलेल्या वेळेआधी "मी उद्या खेळणार" असं कळवावं लागतं. नाही कळवलंत तर नाव गेलं, मग तुम्ही साताऱ्याहून आला असा नाहीतर चंद्रावरून. मैदानात जायच्या आधी कॉल रूम. तिथे नंबर, बुटांचे खिळे, कपडे सगळं तपासतात आणि रांगेने आत नेतात. ८५ वर्षांच्या माणसालाही.

बदलतं ते फक्त सामान. पुरुषांचा गोळा ४९ पर्यंत ७.२६ किलो, मग सहा, पाच, चार असं उतरत ऐंशीनंतर तीन किलो. बायकांचा ४९ पर्यंत चार, ७४ पर्यंत तीन, पंचाहत्तरीनंतर दोन. अडथळ्यांची उंची आणि अंतरही असंच कमी होत जातं. साठीच्या पुढच्या बायकांची ८० मीटरची अडथळा शर्यत असते आणि अडथळा ६८.६ सेंटीमीटर. कमी करतात म्हणजे सोपं करतात असं मला वाटायचं. मग त्या शर्यतीत पासष्टीच्या पुढच्या बायका तिसऱ्या अडथळ्यावर कोपर मारत एकमेकींच्या पुढे जाताना बघितल्या आणि मत मागे घेतलं.

उत्तेजक द्रव्यांची चाचणीही होते, आणि हे निघण्याआधीच आमच्या घरापर्यंत आलं होतं. हिला बीपीची गोळी. टेल्मिसार्टनला काही हरकत नाही, पण आपल्याकडे बऱ्याचदा त्याच गोळीत हायड्रोक्लोरोथायझाइड जोडून येतं, लघवीवाटे पाणी काढणारं. हा प्रकार बंदी असलेल्या औषधांच्या यादीत आहे, कारण त्याच्या आड दुसरं काहीतरी लपवता येतं. घ्यायचंच असेल तर आधी रीतसर वैद्यकीय सूट मागावी लागते. आमच्या डॉक्टरांना हे सांगितलं तेव्हा ते चष्मा काढून हसले, "काकू, तुम्ही आणि डोपिंग?" पण गोळी बदलून दिली. आपल्याकडून जाणाऱ्या बहुतेकांच्या खिशात बीपी-शुगरच्या गोळ्या असतात, आणि फार थोड्यांनी ती यादी उघडून बघितलेली असते. जाणार असाल तर हे काम सगळ्यात आधी करा, व्हिसाच्याही आधी.

मुख्य मैदान स्लॉट्सस्कोग्सव्हालन. नाव लांबलचक असलं तरी जागा साधी आहे. शहरातल्या मोठ्या बागेला लागून, भोवती झाडं, एका बाजूला गवताचा उतार, तिथे लोक चादर टाकून बसलेले. शहरातली प्रसिद्ध अर्धमॅरेथॉनही इथूनच सुटते. बागेत फुकटचं प्राणिसंग्रहालय आहे, सील आहेत, मूस नावाचं ते उंच सांबरासारखं जनावर आहे. ही विश्रांती घ्यायची तेव्हा मी सीलांना मासे खाताना बघत उभा राहायचो. एका पावसाळी दुपारी ईस्ट इंडिया हाउसमधलं शहराचं संग्रहालयही बघून आलो. १७३१ साली निघालेल्या स्वीडिश ईस्ट इंडिया कंपनीची ती इमारत. नावात इंडिया, पण त्यांची गलबतं बहुतेक चीनमधल्या कँटनलाच जायची. चहा आणि चिनी मातीची भांडी बघून परत आलो.

गवताच्या उतारावर माझ्या शेजारी एक स्वीडिश आजोबा बसायचे. पाठीवर एम ८५. त्यांचं इंग्रजी माझ्याइतकंच मोडकं, त्यामुळे आमचं छान जमलं. ते म्हणाले, मी १९७७ लाही इथे पळलो होतो. मला वाटलं एखादी स्थानिक स्पर्धा असेल. पण ही सगळी संघटना जन्मली तीच मुळी या गावात, त्या वर्षीच्या स्पर्धेच्या वेळी. त्याआधी जो तो आपापल्या देशात धडपडत होता. अमेरिकेत डेव्हिड पेन नावाच्या सॅन दिएगोच्या वकिलाने चाळिशीपुढच्यांच्या शर्यती सुरू केल्या आणि १९६८ ला तिथे राष्ट्रीय स्पर्धा भरवली. जर्मनीत डॉक्टर एर्न्स्ट व्हान आकेन वयस्कर दूरपल्ल्याच्या धावपटूंना एकत्र आणत होते. पेनसाहेब १९७२ ला आपले धावपटू घेऊन युरोपात आले, मग १९७५ ला टोरोंटोत पहिली जागतिक स्पर्धा झाली आणि १९७७ ला गॉथेनबर्गमध्ये वर्ल्ड असोसिएशन ऑफ व्हेटरन ॲथलीट्स उभी राहिली. पहिले अध्यक्ष कॅनडाचे डॉन फार्कुहारसन. तेव्हा पुरुषाला चाळीस आणि बाईला पस्तीस पूर्ण लागायचे. आताचं नाव २००१ पासून.

म्हणजे हे वरून कुणी सुरू केलेलं नाही. ज्यांना पळायचं होतं त्यांनीच वर्गणी काढून, तारखा ठरवून, नियम लिहून उभं केलं. आजही यजमान शहर सदस्य देशांच्या मतांनी ठरतं, आणि स्पर्धेचा मोठा खर्च स्पर्धकांच्या शुल्कातून निघतो. आपल्या गणेश मंडळांना हा हिशेब लगेच कळेल.

आजोबांचं १९७७ बद्दलचं बोलणं पाच मिनिटांत संपलं. त्यांना बोलायचं होतं ते पुढच्या वर्षाबद्दल. पुढच्या वर्षी नव्वद. स्पर्धेच्या पहिल्या दिवशी जे वय असेल तो गट, त्यामुळे गटात नुकता पाऊल टाकलेला सगळ्यात तरणा. आता ८९ व्या वर्षी त्यांना ८५ वाल्या "पोरांशी" पळावं लागत होतं आणि ती पोरं त्यांना दमवत होती. नव्वदी कधी येते असं झालं होतं त्यांना. ही संध्याकाळी म्हणाली, यात विशेष काय, मीही सत्तरीची वाट बघतेय.

आणि तुलना नुसती गटातल्यांशीच होते असं नाही. १९८९ ला संघटनेने प्रत्येक वयासाठी गुणकांची कोष्टकं काढली, ती अधूनमधून सुधारली जातात. तुमची वेळ त्या गुणकाशी गुणली की ऐन तारुण्यातल्या वेळेशी ताडून बघता येते. कॅनडाचे एड व्हिटलॉक २००४ ला टोरोंटोत वयाच्या ७३ व्या वर्षी मॅरेथॉन २ तास ५४ मिनिटं ४८ सेकंदांत पळाले. हे ऐकून "वा आजोबा" म्हणता येतं, आणि कोष्टक उघडलं तर घाम फुटतो.

हिचा गोळा होता त्या दिवशी सकाळपासून भुरभुर पाऊस. वर्तुळ सिमेंटचं, व्यास २.१३५ मीटर, त्यात पाणी साचलं की पाय सरकतो. एक स्वयंसेवक मुलगा प्रत्येक फेकीनंतर गुडघ्यावर बसून फडक्याने वर्तुळ पुसत होता, अगदी पुढच्या कडेच्या लाकडी फळीच्या सांध्यापर्यंत. ही आपला गोळा हातात घेऊन टॉवेलने कोरडा करत होती. हाताला खडू, मग गोळा मानेत हनुवटीखाली, डावा हात वर. पहिल्या फेकीत पाय फळीवर चढला. लाल झेंडा. पंच बाई हिच्याच वयाच्या, चेहऱ्यावर रेषसुद्धा हलली नाही. दुसरी सात मीटर ऐंशीच्या आसपास. तिसरी आठ मीटरला दोन सेंटीमीटर कमी. तिन्ही फेकी झाल्यावर पहिल्या आठजणींना आणखी तीन मिळतात. ही त्या आठांत नव्हती. हिच्या पुढचीचं आणि हिचं अंतर बोटाएवढं.

कुठल्याही आपल्या समारंभात या वेळी टाळ्या झाल्या असत्या, शाल आली असती. इथे पंच बाईंनी हिचा क्रमांक वाचला, "धन्यवाद, तुम्ही जाऊ शकता" एवढं म्हणून बाहेरचा रस्ता दाखवला. ही बाहेर आली तेव्हा चिडलेली होती. छत्री माझ्या हातातून ओढून घेत म्हणाली, "पहिला फाऊल गेला नसता तर आत होते मी." आमच्या लग्नाला चाळीसहून जास्त वर्षं झालीत. इतकी छान चिडलेली मी तिला फार दिवसांनी बघत होतो.

त्याच सकाळी तिच्या गटात जी जिंकली तिच्याशी ही नंतर अर्धा तास पावसात उभी राहून डाव्या पायाच्या वळणाबद्दल बोलत होती. खुणांनी. दोघी एकमेकींचा खांदा धरून फिरवून दाखवत होत्या. जाताना हिने तिला कंदी पेढे दिले. त्या बाईने एक तोंडात टाकला आणि डबीवरचा मजकूर उलटसुलट करून बघायला लागली, बहुधा यादीत काही सापडतंय का म्हणून.

पंधरा ऑगस्टला भारतातून आलेले आम्ही जमेल तेवढे मैदानाबाहेर जमलो. तमिळ, मल्याळी, हरयाणवी, मणिपुरी आणि आपले काही. जनगणमन म्हणून झाल्यावर गप्पा घसरल्या त्या एकाच विषयावर, खर्च. अंगावरचा देशाचा पोशाखही पदरचा, विमान पदरचं, राहणं पदरचं. कुणी पीएफ मोडला होता, कुणाला मुलीने पाठवलं होतं. आमचा आकडा मी इथे लिहीत नाही, मुलगा हे वाचतो. गॉथेनबर्ग स्वस्त नाहीच. आम्ही स्वयंपाकघर असलेली खोली घेतली, तांदूळ, मुगाची डाळ आणि मेतकूट घरून नेलं, म्हणून निभावलं. रोख पैसे जवळजवळ कुठेच घेत नाहीत, कार्डाची सोय करूनच जा. आणि शहरात जे ताटाएवढे दालचिनीचे बन मिळतात ते दोघांत एक पुरे.

गोळा, थाळी नेण्याची गरज नाही, मैदानावर मिळतात. स्वतःची नेलीत तर तपासून शिक्का मारून घ्यावी लागतात. आम्ही हिचा गोळा नेला होता, सामानात खाली. मुंबईला स्कॅनरवर बसलेल्या पोराने बॅग उघडायला लावली, तीन किलोचा तो लोखंडी गोळा हातात तोलला आणि माझ्याकडे बघून विचारलं, "काका, तुमचा का?" हिने उत्तर द्यायच्या आत मी बाजूला झालो.

पुढची स्पर्धा २०२६ ला दक्षिण कोरियात, देगूला. ही तेव्हाही डब्ल्यू ६५ मध्येच असणार, म्हणजे तीच बोटभर अंतरावाली आणि तिच्या पुढच्या सगळ्या पुन्हा समोर. संकुलात आता डाव्या पायाचं ते वळण चालू आहे. मला रोज सकाळी वर्तुळ पुसायला नेते.