मागच्या ओळीतले ४२ मिलिमीटर

घर वडोदऱ्याच्या समा भागातलं, प्लॉट तीस बाय पन्नासचा. मालक दांडिया बाजारातलं जुनं घर सोडून इकडे आलेले काका. प्लिंथ, म्हणजे घराचं जोतं, किती उंच घ्यायची, हा त्यांचा पहिला प्रश्न होता, आणि तो बरोबर होता. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीने २६ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून ३५ फुटांच्या वर मजल मारली, तेव्हा या गल्लीतही पाणी उभं राहिलं. शेजारच्या भिंतीवर त्याची तपकिरी रेघ अजून दिसते. आम्ही प्लिंथ त्या रेघेवरून ठरवली, रस्त्यावरून नाही. डांबराचा नवा थर पडला की रस्ता चढतो, चेंबरची झाकणंही उचलून बसवतात. पाया भरताना झाकणाला झिरो मानलं आणि प्लिंथच्या वेळी पुन्हा तिथूनच मोजलं, तर मधल्या काळात झिरोच दोन-तीन इंच वर गेलेला असू शकतो.

म्हणून बेंचमार्क, म्हणजे सगळी उंची जिथून मोजायची तो न हलणारा बिंदू, घेतला शेजाऱ्यांच्या ओट्याच्या कोपऱ्यावर. वीस वर्षांचं बांधकाम, कुठे तडा नाही. छिन्नीने फुली मारली आणि ती पातळी १००.००० मीटर मानली. तिच्या हिशेबात रस्त्याचा मध्य ९९.४३०, प्लॉटची जमीन सरासरी ९९.३००, पुराची रेघ १००.३१०. तयार फरशी १००.६०० ठरली, म्हणजे रेघेच्या २९० मिलिमीटर वर. टाइल आणि खालचा मसाला मिळून ५० मिलिमीटर वजा केले की प्लिंथ बीमचा माथा १००.५५०. पार्किंग रस्त्याच्या १५० वर ठेवल्यावर फरशीपर्यंत १०२० मिलिमीटर चढायचे उरले, म्हणजे १४६ च्या आसपासच्या सात पायऱ्या. काकूंच्या गुडघ्यांसाठी त्याहून उंच पायरी नको, हे काकांनी आधीच बजावलं होतं.

त्या दिवशी सकाळी दहाला प्लिंथ बीमचं काँक्रीट सुरू व्हायचं होतं. सळई बांधून झाली होती, शटरिंगच्या फळ्या उभ्या होत्या, मिक्सर दारात होता. साडेसातला ऑटो लेव्हल, म्हणजे नेमकी आडवी नजर देणारी दुर्बीण, लावली. फुलीवर स्टाफ, म्हणजे आकड्यांची उभी पट्टी, धरला, वाचन १.२१५. म्हणजे इन्स्ट्रुमेंटची उंची १०१.२१५, आणि बीमच्या माथ्याच्या प्रत्येक खिळ्यावर ०.६६५ दिसायला हवं. कॉलम बारा, चार-चारच्या तीन ओळी. पुढच्या ओळीत ०.६६४, ०.६६७, ०.६६५, ०.६६३. मधल्या ओळीत ०.६६८, ०.६६२, ०.६६६, ०.६६४. हे खिळे मिस्त्रींनी काल नळीने लावले होते, म्हणजे पाणी भरलेल्या पारदर्शक नळीच्या दोन तोंडांची पातळी जुळवून. त्यांचा हात चांगला आहे, नळीने याहून बारीक काम होत नाही. मागच्या ओळीत मात्र ०.६२३, ०.६२६, ०.६२१, ०.६२४. वाचन कमी म्हणजे जागा उंच. मागची ओळ जवळजवळ ४२ मिलिमीटर वर होती.

मिस्त्री धुळ्याकडचे, तीस वर्षं याच कामात. त्यांनी शांतपणे सांगितलं, "साहेब, मागचे चारही खिळे एकमेकांशी जुळतायत. पाणी खोटं बोलत नाही. तुमची मशीन बघा."

म्हणणं रास्त होतं, म्हणून आधी मशीनच तपासली. सोसायटीच्या रस्त्यावर ४० मीटर अंतरावर दोन खुंट्या ठोकल्या. बरोबर मध्ये उभं राहून वाचनं घेतली १.४०२ आणि १.३१८, फरक ८४. मध्यातून घेतल्यावर मशीनची चूक दोन्हीकडे सारखी पडते, म्हणून हा फरक खरा. मग पहिल्या खुंटीजवळ दोन मीटरवर मशीन हलवली: १.४३६ आणि १.३५०, फरक ८६. एवढ्या अंतराला दोन मिलिमीटर. घराच्या पंधरा मीटरमध्ये अशा मशीनकडून ४२ येऊच शकत नाहीत. स्टाफवरही शंका घेतली, पण ही सगळी वाचनं त्याच्या पहिल्या तुकड्यातली होती, तिथे जोड येत नाही. पायाच्या खड्ड्याच्या वेळी मात्र वाचन ३.९१५ पर्यंत जातं, स्टाफचे सगळे तुकडे बाहेर काढावे लागतात. एखाद्या तुकड्याचं बटण टक्‌ करून बसलं नसेल तर तो खाली सरकतो, वाचन मोठं येतं आणि कमी खोदलेला खड्डा पुरेसा खोल भासतो. काळ्या मातीत ते महागात पडतं, म्हणून खड्ड्यात टेपही सोडून बघावा.

उरली नळी. पाणी खोटं बोलत नाही हे खरं, पण नळीत फक्त पाणीच असेल तर. मिस्त्रींना ती कालसारखीच टाकायला सांगितली. मधल्या ओळीतून मागे जाताना नळी विटांच्या चट्ट्यावरून गेली होती, आणि त्या उंचवट्यावर हवेचा लांब फुगा अडकला होता. तो पुढच्या बाजूच्या उतारावर खाली घसरलेला. फुग्याच्या दोन टोकांच्या पाण्यात जेवढा उभा फरक, तेवढाच फरक नळीच्या दोन तोंडांवर येतो. मोजला तर चार सेंटीमीटरच्या आसपास होता. जेवणानंतर नळी पुन्हा भरताना तांब्याने पाणी ओतलं होतं, हवा तिथेच शिरली. मग मागच्या एका कॉलमवर चुकीची एक मीटरची रेघ आली, बाकीचे तीन कॉलम त्याच रेघेवरून झाले आणि खिळे तिथून टेपने खाली उतरवले. म्हणूनच चारही जुळत होते.

नळी भरायची तर बादली उंचावर ठेवून, एक तोंड तिच्यात बुडवून, दुसऱ्या तोंडाने ओढून, सलग धार येईपर्यंत. पूर्ण लांबी डोळ्यांखालून घालायची. कामाआधी आणि कामानंतर दोन्ही तोंडं एकाच खिळ्याला लावून बघायची, आणि वाचताना दोन्हीकडचे अंगठे काढलेले हवेत. ऊनही धोका देतं. चाळीस अंशांचं पाणी पंचवीस अंशांच्या पाण्यापेक्षा जवळजवळ अर्धा टक्का हलकं असतं. दीड मीटर लोंबणाऱ्या नळीची एक बाजू उन्हात आणि दुसरी सावलीत असली तर सात मिलिमीटरचा फरक पडतो.

मिस्त्रींनी खाली मान घातली नाही, सबबही सांगितली नाही. "खिळे काढतो," एवढंच म्हणाले.

खिळे काढून भागणार नव्हतं. बीमखालचा बेड, म्हणजे पीसीसी, सळईशिवायचं साधं काँक्रीट, त्याच रेघेवरून टाकलेला. ३८० मिलिमीटरच्या बीमला १००.१७० वर बेड हवा, तिथे तो १००.२१२ वर होता. माथा बरोबर ठेवून बेड तसाच ठेवला असता तर बीम ३३८ चा झाला असता, आणि तसं करू देणं मला मान्य नव्हतं. मधल्या ओळीपासून मागे जाणारे चार बीम ४.२ मीटरमध्ये ४२ मिलिमीटर चढत होते. तसंच भरलं असतं तर स्वयंपाकघर आणि संडास-बाथरूम मागे, त्यामुळे पाणी हॉलकडे वळलं असतं. टाइलवाल्याने पुढे मसाला जाड टाकून ते झाकलं असतं, मग पायऱ्यांची शेवटची पायरी वेगळी झाली असती आणि दरवाजांच्या उंच्या बिघडल्या असत्या.

मिक्सर परत पाठवला. काकांना सकाळीच फोन करून सांगितलं की आजचा दिवस गेला. मागचं आणि त्या चार बीमांचं सळईचं जाळं उचलून बाजूला टेकवलं, बेड फोडला, नवा टाकला. संध्याकाळी मशीन पुन्हा लावून आधी फुलीवर वाचन घेतलं, मग बारा खिळे आणि आठ ठिकाणी बेड तपासला. शेवटी स्टाफ पुन्हा फुलीवर. सुरुवातीच्या वाचनापेक्षा फक्त एक मिलिमीटरचा फरक, म्हणजे मधल्या काळात मशीन हललेली नाही. हे वाचन न घेता लेव्हल उचलणाऱ्यावर मी विश्वास ठेवत नाही.

दुसऱ्या दिवशी काँक्रीट झालं. त्याच्या पुढच्या सकाळी माथे पुन्हा वाचले, कारण ओल्या काँक्रीटच्या वजनाने आणि धक्क्यांनी फळ्या सरकतात. त्या दिवशीच्या उंचीप्रमाणे अपेक्षित वाचन काढलं. बाराही माथे त्याच्या चार मिलिमीटरच्या आत होते. मग प्रत्येक कॉलमवर १०१.५५० ची लाल रेघ मारली, या वेळी मशीनने. पुढची लिंटेल (दारा-खिडक्यांवरचा बीम) आणि स्लॅबची उंची त्या रेघेवरूनच वर घेतली.