पुडीचं टोक

सासऱ्यांचं चिपळुणात किराणा मालाचं दुकान होतं. लग्न होऊन आले त्या वर्षी, म्हणजे 1994 साली, दुपारी ते जेवायला वर आले की गल्ल्यावर मी बसायचे. आढ्याला दोऱ्याची रीळ टांगलेली, हाताशी रद्दीचा गठ्ठा आणि समोर तराजू. साखर, डाळ, पोहे यांचा चौकोनी पुडा बांधायचा आणि वर दोरा गुंडाळून दातांनी तोडायचा. पण सोडा, रांगोळी, कुंकू, शिकेकाई, मुंग्यांची पावडर असं काही आलं की पुडा नाही, पुडी. कागदाचा तिरका शंकू वळायचा, भुकटी वरून भरायची आणि वरचं तोंड आत दुमडून खोचून टाकायचं. खाली टोक राहायचं. “दाण्याला पुडा, भुकटीला पुडी,” असं मामंजी सांगायचे. का, ते त्यांनी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

त्याचं कारण घरात कळायचं. सासूबाई सोड्याची पुडी वरून कधीच उघडत नसत. टोक नखाने जरासं खुडायचं, पुडी उलटी न करता तशीच पातेल्यावर धरायची आणि बोटाने टिचकी मारायची. एक टिचकी, एक चिमूट. काम झालं की टोक पिळायचं आणि पुडी खुंटीला अडकवायची. ना डबा, ना चमचा, ना ओला हात आत. चार आण्यांच्या सोड्याला पुडी फुकट मिळायची आणि तीच पुडी सोडा मोजूनही द्यायची. तेव्हा मला यात काहीच विशेष वाटलं नव्हतं.

गेल्या तीन वर्षांत मी याच एका गोष्टीवर रात्री जागून विचार केलाय, म्हणून आज सविस्तर लिहितेय.

22 जुलै 2021 ला वाशिष्ठी नदीचं पाणी शहरात आलं. आमच्या दुकानाचा माल गेला, तो बहुतेकांचाच गेला. पाणी ओसरल्यावर गुडघाभर चिखल उपसताना माझ्या हाताला सारखी एकच वस्तू लागत होती, पाऊच. शांपूचे, धुण्याच्या पावडरीचे, मसाल्याचे. कागद लगदा झाला होता, लाकूड फुगलं होतं, पत्र्याला गंज धरला होता. हे पाऊच मात्र जसेच्या तसे, अक्षरंही वाचता येतील असे. गटारांच्या जाळ्यांना, कुंपणाच्या तारांना, आंब्याच्या खालच्या फांद्यांना लटकलेले. त्यातले कितीतरी मीच विकलेले असणार. दुकानात तारेवर माळा लटकवून, फाडून फाडून, वीस-वीस वर्षं. ते मनातून जात नाही.

भंगारवाल्याला विचारलं, हे का उचलत नाही? म्हणाला, “वहिनी, दुधाची पिशवी द्या, घेतो. हे कोण घेणार?” दुधाची पिशवी एकाच जातीच्या प्लास्टिकची असते, ती वितळवून पुन्हा वापरता येते. पावडरीच्या अशा पाऊचात दोन-तीन जातींची प्लास्टिकं, कधी मधे ॲल्युमिनियमचा पापुद्रा, असं सगळं एकमेकांना चिकटवलेलं असतं. ते वेगळं करायला खर्च इतका की त्याला भावच नाही. भाव नाही म्हणून कोणी वेचत नाही आणि वेचत नाही म्हणून ते तारेवर.

पण लहान पाकिटालाच वाईट म्हणणं मला पटत नाही. दुकानात बसलेल्या माणसाला ते कधीच पटणार नाही. संध्याकाळी मजुरी हातात पडल्यावर येणाऱ्या बाईला किलोची पिशवी स्वस्त पडते हे माहीत असतं, हिशोब ती माझ्यापेक्षा चोख करते. पण तिच्याकडे आजचे पैसे आजच्यापुरते असतात. अहमदाबादच्या करसनभाई पटेलांनी 1969 मध्ये सायकलवरून दारोदार धुण्याची पावडर विकायला सुरुवात केली, साध्या पिशवीत, 3 रुपये किलोने, तेव्हा कित्येक घरांत पहिल्यांदा पावडर आली. तमिळनाडूत कडलूरच्या चिन्नी कृष्णन यांनी शांपूची छोटी पाकिटं यायच्या आधी टाल्कम पावडर आणि एप्सम मीठ छोट्या पाकिटांत भरून विकलं, ज्याला मोठा डबा परवडत नाही त्यालाही ते मिळावं म्हणून. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. गरज खरी होती आणि आजही आहे. फक्त कागदाची पुडी जाऊन तिच्या जागी जे आलं ते कुजत नाही, आणि त्यातून नीट ओतताही येत नाही. या दुसऱ्या गोष्टीबद्दल कोणी बोलत नाही.

पुरानंतर आम्ही अकरा जणींनी बचत गटातून भांडी घासायची पावडर करायला घेतली. राख, रिठ्याची पूड, वाळवलेल्या लिंबाच्या सालीची पूड आणि थोडा धुण्याचा सोडा. पावडर चांगली झाली, तांब्या-पितळेला तर फारच. भरायची कशात?

आधी सगळे करतात तेच केलं. साध्या प्लास्टिक पिशवीत भरली आणि मेणबत्तीवर तोंड चिकटवलं. महिन्याभरात तक्रार यायला लागली, “पावडर लवकर संपते.” मी चार घरांत जाऊन मोरीपाशी उभी राहून पाहिलं. कोपरा दाताने फाडलेला, भोक कधी मटाराएवढं, कधी लिंबाएवढं. पिशवी दाबली की एकदम मूठभर बाहेर. मग ओल्या हाताने उरलेली सारखी करायची, म्हणजे आत पाणी, म्हणजे दुसऱ्या दिवशी ढेकूळ. पावडरीचा तिसरा हिस्सा मोरीत जात होता. आणि फाडलेला तो इवलासा कोपरा? तो तर लगेच पाण्याबरोबर पन्हळीत. म्हणून दुधाच्या पिशवीबद्दलही मी सगळ्यांना सांगते, कोपरा पूर्ण कापू नका, पिशवीलाच लटकलेला राहू द्या.

मग बाटली पाहिली, अंगाला लावायच्या पावडरीसारखी, वर भोकांचं फिरतं झाकण. बाटली 11 रुपयांना पडत होती आणि आत मावणाऱ्या दीडशे ग्रॅम पावडरीचा खर्च पावणेसात रुपये. तो विषय तिथेच संपला. छापील पाऊचचं विचारायला गेले तर छपाईवाल्याने सांगितलेला कमीत कमी माल आमच्या दोन वर्षांच्या विक्रीएवढा होता.

तिसऱ्या खेपेला जाड कागदाची नळी केली. वरच्या चकतीला दाभणाने बारीक बारीक वीस भोकं आणि त्यावर कागदी चिकटपट्टी. पट्टी उचला, शिंपडा, पट्टी परत लावा. दिसायला इतकी सुबक की आम्ही सगळ्या हरखून गेलो. एप्रिल-मेमध्ये छान चालली. जून उजाडला आणि आठ दिवसांत सगळ्या नळ्या मुक्या. आपटा, हलवा, काही पडत नाही. मिठाच्या बरणीत टाकतो तसे तांदळाचे दाणे टाकून पाहिले, तर दाणेच भोकांना आडवे बसले.

गणपतीला बहिणीचा मुलगा आला होता. तो चंद्रपूरकडे सिमेंटच्या कारखान्यात आहे. मी त्याच्यापुढे नळी आपटत बसले होते, तर त्याने ती हातातून घेतली आणि म्हणाला, “मावशी, आमच्याकडे हेच होतं, फक्त तीन मजली उंच.” सिमेंट साठवायच्या टाकीत तोंडाशी भुकटीची कमान धरते. दगडी कमानीसारखे कण एकमेकांना रेटून उभे राहतात आणि वरचं सगळं वजन तोलून धरतात. भोक जितकं बारीक आणि भुकटी जितकी दमट, तितकी कमान पक्की. म्हणून वीस बारीक भोकांपेक्षा एक मोठं भोक बरं. बुड सपाट असेल तर आणखी एक होतं, मधला माल सरळ खाली येतो आणि कडेचा भिंतीला धरून बसतो, मधोमध पोकळ नळकांडं राहतं. त्याला ते लोक उंदराचं बीळ म्हणतात. यावर उपाय म्हणजे खालचा भाग निमुळता करायचा आणि त्याची भिंत जितकी उभी व गुळगुळीत ठेवता येईल तितकी ठेवायची, म्हणजे सगळा माल एकदम सरकतो. अमेरिकेत यूटा विद्यापीठात अँड्र्यू जेनिके यांनी 1960 च्या आसपास याचं सगळं गणित बसवलं, त्यावर अजून टाक्या बांधतात, असं त्याने सांगितलं.

मी उठून आत गेले, रद्दीतला कागद घेतला, शंकू वळला आणि त्याच्या हातात दिला. तो बघतच राहिला. म्हणाला, “हेच.” मला सासूबाई आठवल्या, खुंटीला अडकवलेली ती पुडी आठवली आणि खरंच डोळ्यांत पाणी आलं.

मग कामाला लागलो. रद्दी नाही, छपाईची शाई नको. कोरा खाकी कागद आणि आतून बटर पेपरचा थर, म्हणजे भिंत गुळगुळीतही होते आणि ओल जरा उशिरा पोचते. पुडी वीतभर उंच, तोंड साडेसहा सेंटिमीटर. शंभर ग्रॅम भरून वरचा कागद दोनदा दुमडायचा आणि त्यातूनच दोऱ्याचा फास काढायचा, खुंटीला किंवा नळाला अडकवायला. टोकापासून जरा वर एक रेघ छापली आहे. तिथे कापलं की भोक बरोबर पेन्सिलीएवढं होतं. वापरून झालं की टोक वर दुमडून कपड्याचा चिमटा लावायचा.

चिकटवायला आधी खळ केली. दोन रात्रींत झुरळांनी सांधे कुरतडले. पुस्तकं बांधणारे खळीत मोरचूद घालतात, पण ज्या पावडरीने कपबशी घासायची तिच्याजवळ मोरचुदासारखं विष आणायला मी तयार नव्हते. आता पांढरा डिंक वापरतो.

राखही बदलली. कोकणात सोडणाची राख हाताशी असते, पण नारळाच्या सोडणात खार फार, ती हवेतलं पाणी ओढून घेते. भातगिरणीवरून तुसाची राख आणली. त्या राखेत वाळूचाच अंश जास्त, त्यामुळे ती कोरडी राहते, घासायलाही चांगली. चाळण एक नंबर जाड घेतली. मैद्यासारखी बारीक पावडर हाताला छान लागते म्हणून आम्ही वस्त्रगाळ करत होतो, तेच चुकत होतं. रव्यासारखी ठेवली तर टिचकीला सुटते.

आता हिशोब. कागद आणि डिंक मिळून 80 पैसे. वळणारीला पुडीमागे 1 रुपया, आणि सवय झाल्यावर तासाला साठ होतात. यात कुठे वाचवता येईल असं मला पुष्कळांनी सुचवलं. मजुरीत नाही वाचवणार. शंभर ग्रॅम पावडर साडेचार रुपयांची. दुकानदाराला दीड रुपया. विक्री 10 रुपयांना, म्हणजे गटाला 2 रुपये 20 पैसे उरतात.

पावसाळा पूर्ण जिंकलेला नाही. जुलैत पुडी दहा-बारा दिवस नीट चालते, मग टोकाशी दाटायला लागते. शंभर ग्रॅम चार माणसांच्या घरात तेवढ्यात संपतं, म्हणून आम्ही अडीचशेची मागणी आली तरी करत नाही. लहान पुडीचं हे कारण मला दुकानात असताना कधी सुचलं नव्हतं. हातात पैसे नसतात हे एक, आणि भुकटीला आमची हवा सोसत नाही हे दुसरं. मामंजी 50 ग्रॅम सोडा देऊन “संपला की परत ये” म्हणायचे, ते काही गिऱ्हाईक पुन्हा यावं एवढ्यासाठीच नव्हतं.

ज्या चार घरांत मी पहिल्यांदा उभी राहिले होते तिथे परत गेले. एका घरी आजी भांडी घासायला बसल्या होत्या. त्यांनी पुडी काढली, राखेने माखलेल्या कढईवर धरली, तीन टिचक्या मारल्या, परत अडकवली. कुणी शिकवलं नव्हतं. मी विचारलं, पावडर पुरते का? म्हणाल्या, “पुरते की. हात आत जात नाही ना.”

रिकाम्या पुड्या त्या बंबात घालतात. दोऱ्याचे फास मात्र काढून ठेवतात, म्हणाल्या वेलाला बांधायला होतात. गेल्या सोमवारी त्यांनी मला तेरा मोजून परत दिले.