तुम्ही विचारलंत म्हणून: व्हीलचेअर घेऊन लाइट ट्रेलला जाता येतं का?

नोव्हेंबर लागला की हा प्रश्न येतोच. "आईबाबा इकडे आलेत. बाबांना फार चालवत नाही. लाइट ट्रेलला नेलं तर जमेल का? तिकिटाच्या पानावर ‘व्हीलचेअर ॲक्सेसिबल’ असं लिहिलंय." मी ब्रिटनमध्ये राहते, व्हीलचेअर वापरते आणि हिवाळ्यात एखाद्या तरी ट्रेलला जातेच, त्यामुळे लोक मला विचारतात. फोनवर घाईघाईत ‘हो, जमेल’ म्हणून ठेवून देणं मला पटत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहिते.

ज्यांनी हा प्रकार पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. मोठ्या बागेत किंवा जुन्या जमीनदारी वाड्याच्या आवारात झाडं, तळी आणि पायवाटा रोषणाईने सजवतात. वाट आखून दिलेली असते, सगळे एकाच दिशेने चालतात आणि तिकिटावर आत शिरायची वेळ छापलेली असते. लंडनच्या क्यू बागेत २०१३ पासून ख्रिसमसच्या सुमारास हे होतं. आता देशभरातल्या कितीतरी बागांत होतं. डिसेंबरात इथे चारच्या सुमारास सूर्य मावळतो, त्यामुळे लहान मुलांनाही जागरण न करता हे बघता येतं. पाऊस असला तरी बहुतेक वेळा कार्यक्रम ठरल्याप्रमाणे होतो.

मग जमतं का? जमतं. पण ‘ॲक्सेसिबल’ या एका शब्दावर विसंबून तिकीट काढू नका. तो शब्द फार तर इतकंच सांगतो की वाटेत पायऱ्या नाहीत. वाट किती लांब आहे, चढ कुठे आहे, खाली डांबर आहे की खडी, अर्ध्यातून परतायचं झालं तर रस्ता आहे का, यातलं काहीच तो सांगत नाही. दोन किलोमीटरची सपाट डांबरी वाट आणि दोन किलोमीटरची चढउताराची खडीची वाट, दोन्हींच्या पानांवर तोच शब्द असतो.

चढाचंच घ्या. इथल्या बांधकामाच्या नियमांत वीस मीटरला एक मीटर चढ म्हटलं की त्याला रॅम्प धरतात आणि मग मध्ये विसाव्याची जागा, कठडा वगैरे लागतं. बारा मीटरला एक मीटर चढ चालतो तो अगदी छोट्या तुकड्यापुरता. बागेतल्या टेकाडाला असला कुठला नियम माहीत नसतो. दिवसा कोरड्या रस्त्यावर जो चढ मी स्वतःच्या हातांनी चढते, तोच रात्री ओल्या पानांच्या थराखाली वेगळा होतो. चाकाची कडी ओली, हातमोजे ओले, पकड सुटते. उतारावर तर हातमोज्यांनी घासूनच वेग आवरायचा असतो, तिथे ओल्या कडीवर हात नुसते सरकतात. बाबांची खुर्ची ढकलणाऱ्याचंही तेच होतं. मागे दोन दांड्या धरलेला माणूस बूट घसरत असताना सत्तर-ऐंशी किलोचं वजन उतारावर सांभाळत असतो. म्हणून आदल्या उन्हाळ्यात त्या बागेत फिरून आलात म्हणून रात्रीही जमेल असं धरू नका.

आणि केबल. इतके दिवे म्हणजे तितक्या तारा. त्या वाट ओलांडतात तिथे वर रबरी उंचवटे टाकतात, पिवळे-काळे. चालणाऱ्याला तो उंचवटा पायाखाली आल्याचं भानही राहत नाही. माझ्या खुर्चीची पुढची दोन चाकं मात्र तळहाताएवढी आहेत. ती उंचवट्याला भिडतात, खुर्ची जागच्या जागी थांबते आणि मी पुढे झुकते. वेग जास्त असेल तर माणूस खुर्चीतून पुढे फेकला जातो. त्यावर उपाय दोन. पुढची चाकं उचलून मागच्या चाकांवर तोल धरत जायचं, किंवा खुर्ची पूर्ण वळवून मोठी चाकं आधी, उलटं जायचं. मागून गर्दी येत असताना दर थोड्या अंतरावर वळणं सोपं नसतं. बाबांना नेत असाल तर हे उलटं जायचं घराजवळच्या फुटपाथच्या कडेवर आधी करून बघा, तुमच्याही हाताला सवय होईल आणि त्यांचीही भीती जाईल. व्यवस्थित केलेल्या ट्रेलमध्ये याच उंचवट्यांना दोन्ही बाजूंनी लांब, हलका उतार जोडलेला असतो. ते भाग बाजारात मिळतात, फक्त कुणीतरी मागवावे लागतात.

मला कळकळीने सांगायचंय ते हेच. दोनशे वर्षांपूर्वीच्या इमारतीला दगडी जिना असेल, तर तो तिथे का आहे हे मला समजतं. लाइट ट्रेल मात्र दरवर्षी नव्याने उभा राहतो. कुठल्या वाटेने लोकांना न्यायचं, दिवा कुठल्या झाडाखाली ठेवायचा, कुंपण किती उंच, खाण्याचे स्टॉल गवतावर की फरशीवर, हे सगळं कुणीतरी नकाशा समोर ठेवून ठरवलेलं असतं. त्यामुळे तिथला प्रत्येक अडथळा नवा असतो, आणि म्हणूनच तो टाळता येण्यासारखाही असतो. चांगले ट्रेल बघितलेत म्हणून हे मी खात्रीने म्हणते.

बघण्याच्या उंचीचंही तसंच. बसलेल्या माणसाचे डोळे जमिनीपासून साधारण सव्वा मीटरवर असतात. तळ्याकाठी लोकांना अडवायला जे कुंपण लावतात त्याचा वरचा आडवा बार नेमका तिथेच येतो. पाण्यातल्या प्रतिबिंबासाठी सगळे तिथे थांबतात आणि मला दिसतात ओले कोट आणि पाठीवरच्या पिशव्या. एका ठिकाणी मात्र कुंपणाचा एक छोटा तुकडा बुटका ठेवला होता, खाली कडक पाट्या अंथरल्या होत्या आणि स्वयंसेवक उभा राहून ती जागा मोकळी ठेवत होता. मी तिथे मनसोक्त थांबले. पाण्यात उलटी पडलेली निळी झाडं, त्यांच्यामधून हलत जाणारी एक बदकांची रांग, सगळं पाहिलं. शेजारी एक आजोबा काठी टेकून उभे होते, एक लहान मुलगीही आली. बुटकं कुंपण सगळ्यांनाच उपयोगी पडलं.

आतापर्यंत चाकांचंच बोलले, कारण प्रश्न तोच असतो. पण ट्रेलमध्ये सगळ्यात मोठी अडचण अंधाराची आहे आणि ती चाकांपुरती नाही. अंधार इथे मुद्दाम ठेवलेला असतो, त्याच्याशिवाय दिवे खुलत नाहीत. डोळ्यांना उजेडातून अंधारात सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात, वय वाढलं की आणखी जास्त. लखलखत्या दिव्यांच्या बोगद्यातून बाहेर पडलं की पुढची काही पावलं कुणालाही धड दिसत नाहीत. ज्यांना रेटिनायटिस पिगमेंटोसासारखा डोळ्यांच्या पडद्याचा आजार आहे, त्यांना तर तिथे जवळजवळ काहीच दिसत नाही, कारण रात्रीची नजर त्या आजारात सगळ्यात आधी जाते. आणि नेमकी त्या बोगद्याच्या तोंडाशीच फोटो काढणाऱ्यांची गर्दी थांबलेली असते. बरं, यावर उपाय म्हणजे मोठे पांढरे फ्लडलाइट नव्हेत, ते कुणालाच नको असतात. वाटेच्या दोन्ही कडांना घोट्याच्या उंचीवर, खाली तोंड केलेले मंद दिवे पुरतात. वाट कुठे वळते ते कळतं आणि झाडांवरची रोषणाईही फिकी पडत नाही.

कर्णबधिर मित्रमैत्रिणींबरोबर गेलात तर आणखी एक गोष्ट लक्षात येईल. हात किंवा ओठ दिसले नाहीत तर बोलणंच थांबतं. ब्रिटिश साइन लँग्वेजला २०२२ च्या कायद्याने इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्समध्ये मान्यता मिळाली, पण अंधाऱ्या वाटेवर ती भाषा बोलायला चेहऱ्यावर उजेड लागतो. माझी एक मैत्रीण जॅकेटला छोटा क्लिपचा दिवा लावते. स्टॉलवाल्याच्या तोंडावर थोडा उजेड असला तरी तिला मागणी सांगताना अडत नाही.

लखलखणाऱ्या दिव्यांबद्दल मी जरा जोर देऊन सांगते, कारण हा जिवाचा प्रश्न आहे. एपिलेप्सी असलेल्या दर शंभर जणांत साधारण तिघांना उघडझाप करणाऱ्या उजेडाने फिट येऊ शकते, आणि यात मुलं आणि तरुण जास्त. सेकंदाला तीन ते तीस वेळा या पट्ट्यातली उघडझाप धोक्याची. १९९७ च्या डिसेंबरात जपानमध्ये टीव्हीवरच्या एका कार्टूनमध्ये लाल-निळा उजेड वेगाने चमकला आणि जवळजवळ सातशे जणांना, मुख्यतः मुलांना, रुग्णालयात न्यावं लागलं. त्यातल्या अनेकांना आधी कधी फिट आलेली नव्हती. ट्रेलच्या पानावर नुसतं ‘येथे लुकलुकणारे दिवे आहेत’ असं लिहून भागत नाही. कितव्या देखाव्यात आहेत आणि तो टाळून जायला वाट आहे का, हे लिहायला हवं. एकाच दिशेने जाणाऱ्या वाटेत बोगदा टाळायची सोय नसेल तर त्या सूचनेचा अर्थ ‘तुम्ही येऊ नका’ एवढाच होतो. आणि अचानक समोर असा उजेड आलाच, तर नुसते डोळे मिटू नका, पापण्यांतून उजेड आत येतो. एका डोळ्यावर तळहात घट्ट धरा आणि तोंड फिरवा.

बऱ्याच ठिकाणी आता एखादी शांत संध्याकाळ ठेवतात. गाण्यांचा आवाज कमी, लुकलुकणं बंद, माणसं मोजकी. ऑटिझम असलेल्या मुलांच्या घरांना याचा फार आधार असतो. मला ही सोय मनापासून आवडते. पण ती मधल्या वारी असते, दुसऱ्या दिवशी शाळा असते, आणि दूरच्यांना यायला जमत नाही. शांत संध्याकाळ आहे म्हणून बाकीच्या रात्री कशाही असल्या तरी चालतील, हे मला मान्य नाही. गळ्यात सूर्यफुलांची हिरवी पट्टी घातलेले लोक तुम्ही पाहिले असतील. न दिसणारं अपंगत्व कळावं म्हणून गॅटविक विमानतळावर २०१६ मध्ये ती सुरू झाली. ती ओळखणारा स्वयंसेवक फाटकापाशी असेल तर निम्मी धाकधूक तिथेच संपते.

टॉयलेटबद्दल एवढंच सांगते: अपंगांसाठीचं टॉयलेट वाटेच्या सुरुवातीलाच असेल तर मध्यावर त्याचा उपयोग नाही. नकाशावर आधी शोधा.

कायदा आपल्या बाजूने आहे. २०१० च्या इक्वॅलिटी ॲक्टप्रमाणे सेवा देणाऱ्याने अपंग व्यक्तींसाठी वाजवी बदल करायचे असतात, तेही कुणी दारात येऊन अडेपर्यंत न थांबता, आधीच विचार करून. त्या बदलांचे पैसे त्या व्यक्तीकडून घेता येत नाहीत. बहुतेक ट्रेल सोबत्याचं तिकीट फुकट देतात, पण त्यासाठी कोणते कागद चालतील हे जागोजागी वेगळं असतं. पाहुणे म्हणून आलेल्या आईबाबांकडे इथले कागद नसतात, ब्लू बॅज, म्हणजे अपंगांसाठीचा गाडी लावायचा परवाना, तोही इथे राहणाऱ्यांनाच मिळतो. म्हणून तिकीट काढण्याआधी ईमेल करा. बाबांना फाटकापाशी उतरवता येईल का, गाडीतळ पक्का आहे की शेतात आहे, तिथली व्हीलचेअर उसनी मिळते का, सगळं लिहून विचारा. डिसेंबरात शेतातल्या गाडीतळावर चिखल असतो आणि तो चाकांना तिथेच अडवतो.

उसन्या खुर्च्यांना बहुधा चारही चाकं छोटी असतात, त्या दवाखान्याच्या गुळगुळीत फरशीसाठी ठीक असतात. मागची चाकं मोठी असलेली मिळाली तर तीच घ्या. मोबिलिटी स्कूटर नेणार असाल तर पूर्ण चार्ज करा, थंडीत बॅटरी लवकर उतरते. दिवसातली पहिली वेळ घ्या. पानं तुडवून चिखल झालेला नसतो आणि मागून कुणी घाई करत नाही.

थंडीचं विसरू नका. चालणाऱ्याचं अंग चालून गरम होतं, बसलेल्याचं होत नाही. तुम्ही खुर्ची ढकलून घामाघूम व्हाल तेव्हा बाबांच्या पायांना गारठा चढलेला असेल. पायांखाली आणि मांड्यांवर, दोन्हीकडे पांघरूण हवं, पण त्याची टोकं चाकांपासून दूर खोचा. मज्जारज्जूला इजा झालेल्यांना इजेच्या खालच्या भागात कुडकुडताही येत नाही, त्यामुळे थंडी वाजतेय हे त्यांना उशिरा समजतं. ज्यांच्या पायांना संवेदना कमी आहे, मधुमेहाने का असेना, त्यांच्या पायांशी गरम पाण्याची पिशवी ठेवू नका. भाजलेलं कळत नाही.

आणि जाऊन आल्यावर आयोजकांना लिहा. ‘छान होतं’ किंवा ‘त्रास झाला’ एवढंच नको. अमुक देखाव्यानंतरच्या वळणावर केबलचा उंचवटा आहे आणि तिथे उजेड नाही, असं जागा धरून लिहा, जमलं तर फोटो जोडा. जानेवारीत लिहिलेलं पुढच्या वर्षीची वाट आखणाऱ्यांपर्यंत पोचतं, नोव्हेंबरात लिहिलेलं पोचेपर्यंत तारा टाकून झालेल्या असतात.